बाबांच्या फोनमधले रात्री तीनचे कॉल

पत्र

माझे बाबा 74 वर्षांचे आहेत. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी ते एकटेच राहतात. आई जाऊन चार वर्षं झाली. शेत अजून स्वतःच बघतात. मी ठाण्यात असते, भाऊ बंगळुरूला. बाबांकडे 2014 साली घेतलेला नोकिया 105 आहे. बटणं झिजलीत, मागचं झाकण सैल झालंय म्हणून रबर लावलाय, पण दुसरा फोन घ्यायला ते तयार नाहीत.

मी रोज संध्याकाळी फोन करते. कधी लागतो, कधी ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ म्हणून सांगतात, कधी नुसती रिंग वाजत राहते. दुसऱ्या दिवशी विचारलं की बाबांचं एकच, ‘तुझा फोन आलाच नाही.’ त्यावरून आमचे खटके उडतात. बँकेचे मेसेजही त्यांना येईनासे झालेत.

संक्रांतीला गेले होते तेव्हा ते अंघोळीला गेल्यावर मी त्यांचा फोन उघडून पाहिला. मिस्ड कॉलमध्ये माझे दोनच कॉल होते, मी त्या आठवड्यात दहा तरी केले असतील. डायल्डमध्ये मात्र एक अनोळखी नंबर सारखा दिसला, नाव नाही. वेळ पाहिली तर रोज रात्री तीनच्या आसपास. तारीख कुठल्या तरी जुन्याच वर्षाची, मेसेजवर मात्र यंदाचीच. मी माझ्या फोनवरून त्या नंबरला लावून पाहिलं तर दोन रिंग होऊन कट झाला. भावाला सांगितलं, तर तो म्हणतो बाबांना कोणीतरी गंडवतंय, तो फोन काढून घे आणि स्मार्टफोन दे, म्हणजे आपल्याला इथून सगळं दिसेल. बाबांशी मी अजून काही बोललेले नाही. रात्र रात्र झोप लागत नाही. काय करू?

– एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि बाबांना कोणी गंडवतंय असं वाटायला लावणारी एकही खूण मला त्यात सापडली नाही. उलट सगळ्या कोड्यांची उत्तरं तुम्हीच पत्रात लिहून ठेवली आहेत. झाकणाला लावलेला रबर, जुन्या वर्षाची तारीख, दोन रिंग होऊन कट झालेला कॉल. आमच्या भागातल्या वाचनालयात दर शनिवारी मी ज्येष्ठ मंडळींना फोन शिकवते. निम्म्याहून जास्त जण बटणांचाच फोन घेऊन येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी तुमच्यासारखाच वाद चाललेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात घड्याळापासून. साध्या फोनच्या कॉलच्या यादीत जी वेळ दिसते ती फोनच्या स्वतःच्या घड्याळाची असते. कॉल आला किंवा केला त्या क्षणी घड्याळात जे वाजले असतील तेच तिथे नोंदलं जातं. घड्याळ चुकलेलं असेल तर नोंदही चुकते. मेसेजचं तसं नाही. मेसेज आधी कंपनीच्या संदेश केंद्रात जातो, तिथे त्याच्यावर तारीख-वेळेचा शिक्का बसतो आणि तो शिक्का घेऊनच तो आपल्या फोनवर येतो. म्हणून मेसेजवर तुम्हाला यंदाचं साल दिसलं आणि कॉलवर जुनं. एकाच फोनमध्ये दोन तारखा कशा, हे बघून तुम्ही घाबरलात, पण फोनचं घड्याळ बिघडल्याची यासारखी स्पष्ट खूण दुसरी नाही.

घड्याळ कशानं बिघडलं? त्या रबरानं. म्हणजे रबर ज्यासाठी लावावा लागला त्या सैल झाकणानं. झाकण सैल असलं की फोन हातातून पडला, खिशातून ओट्यावर आपटला, की बॅटरी जागची हलते. फोन बंद पडतो, पुन्हा चालू होतो आणि पुष्कळ जुन्या फोनांचं घड्याळ अशा वेळी कारखान्यातून निघालेल्या तारखेवर जातं. तारीख-वेळ विचारणारी चौकट येते, ती बाबा ‘ओके’ दाबून घालवत असणार. पुष्कळ फोनांत घड्याळ मध्यरात्रीपासून पुन्हा चालू होतं. समजा संध्याकाळी सातला फोन पडला आणि घड्याळ शून्यावर आलं, तर त्यानंतर त्यातले ‘रात्रीचे तीन’ म्हणजे खरे रात्रीचे दहा. आणि एकदा बिघडलेलं घड्याळ रोज तितकंच मागे किंवा पुढे राहतं, म्हणून चार दिवस लागोपाठ तीनच वाजलेले दिसतात. तेव्हा ‘बाबा रोज रात्री तीनला कोणाला तरी फोन करतात’ हे वाक्य आधी मनातून काढून टाका. ते रोज ठरावीक वेळेला तो नंबर लावतात, एवढंच त्या यादीवरून म्हणता येतं.

आता तो नंबर.

तुमच्या शेतात विहिरीवर किंवा नदीवर मोटर आहे का? असेल तर तिला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवलाय का, हे बाबांना विचारा. शहरात राहणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं, पण गावोगावी आता तो डबा मोटरच्या खोपीत दिसतो. आपल्याकडे शेतीची थ्री फेज लाइट, म्हणजे मोटरला लागणारी वीज, पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की पूर्वी बॅटरी घेऊन बांधाबांधानं जाऊन मोटर चालू करायला लागायची. थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत. त्या डब्यात एक सिमकार्ड असतं. शेतकरी घरातून त्या नंबरला फोन लावतो आणि मोटर चालू होते. बंदही तशीच करता येते. आणि यातले बरेच स्टार्टर फक्त नोंदवलेल्या नंबरचंच ऐकतात, दुसऱ्या कोणाचा कॉल आला तर कट करतात. तुमचा कॉल दोन रिंग होऊन कट झाला.

मी इथे बसून खात्रीनं सांगू शकत नाही. तो नंबर स्टार्टरचा नसून दूधवाल्याचा असेल, वाट्यानं शेत करणाऱ्या गड्याचा असेल, रोज जेवण झाल्यावर ‘जागा आहेस का’ म्हणून मिस कॉल द्यायच्या एखाद्या जुन्या मित्राचाही असेल. बाबांच्या पिढीला मिस कॉल द्यायची सवय काही उगाच लागलेली नाही. 2003 पर्यंत आपल्याकडे आलेला कॉल उचलायलासुद्धा पैसे पडायचे. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंग म्हणजे निघालो, अशी भाषाच तयार झाली होती. डायल्ड नंबरच्या यादीत हे सगळं येतं, कारण ती यादी समोरच्यानं उचललं की नाही हे पाहत नाही. आपण लावला, नोंद झाली. प्रत्येक कॉल किती वेळ चालला हेही या साध्या फोनांत वेगवेगळं लिहिलेलं नसतं. शेवटचा कॉल किती वेळाचा आणि सगळे मिळून किती वेळ, एवढंच सापडतं. त्यामुळे सारखा दिसणारा नंबर म्हणजे सारख्या लांबलचक गप्पा, असा अर्थ काढू नका.

एक गोष्ट मात्र आजच भावालाही सांगून ठेवा. कॉलच्या याद्या जिथे असतात त्या लॉगच्या मेनूत याद्या पुसून टाकायचा पर्याय असतो. ‘फोन साफ करून देते’ म्हणत त्याला कोणीही हात लावू नका. पुष्कळ वयस्कर माणसं नावं सेव्ह करतच नाहीत. हिरवं बटण एकदा दाबलं की शेवटी लावलेले नंबर समोर येतात, त्यातला वरून दुसरा मोटरचा, तिसरा लेकीचा, हे त्यांच्या बोटांना पाठ असतं. आमच्याकडे येणाऱ्या एका आजोबांच्या नातवानं दिवाळीत असाच फोन ‘साफ’ केला. आजोबा दोन दिवस डॉक्टरांचा नंबर शोधत होते. तो दुसरीकडे कुठे लिहिलेलाच नव्हता. बाबांचंही असंच असेल तर लॉग कसा वापरायचा हे त्यांना शिकवायची गरज नाही. रोज रात्री ते तोच वापरतायत.

आता तुमच्या भांडणाचा मुद्दा. ‘तुझा फोन आलाच नाही’ हे बाबा खोटं बोलत नाहीत.

मिस्ड कॉलच्या यादीत कॉल येण्यासाठी तो आधी फोनपर्यंत पोचायला हवा. फोन चालू आणि रेंजमध्ये असताना वाजला, कोणी उचलला नाही, तरच तो तिथे लिहिला जातो. तुम्हाला ठाण्यात ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकू आलं, म्हणजे तुमचा कॉल कंपनीच्या यंत्रापाशीच थांबला. बाबांच्या फोनला त्याचा पत्ताच नाही. पाटणच्या डोंगरदऱ्यांत हे रोजचं आहे. घराच्या ओट्यावर दोन कांड्या रेंज असते, दहा पावलं खाली ओढ्याकडे गेलं की एकही नसते. अशा कॉलची खबर कधी कधी कंपनीकडून मेसेजनं येते, ‘अमुक नंबरवरून इतक्या वाजता कॉल आला होता’. तो मेसेज बहुधा इंग्रजीत, जाहिरातींच्या गर्दीत, आणि लॉगमध्ये नाही तर मेसेजच्या पेटीत. बाबा तो कशाला उघडतील?

जे कॉल खरंच वाजले त्यांचं काय, तर त्याला दोन कारणं संभवतात. या याद्या लहान असतात. जुन्या फोनांत एकेका यादीत आठ, दहा, वीस असेच नंबर मावायचे, नवा आला की सगळ्यात जुना बाहेर. बाबांना दिवसाला सहा-सात जाहिरातवाले फोन करत असतील तर तुमचा मंगळवारचा कॉल शुक्रवारपर्यंत टिकत नाही. दुसरं असं की एकाच नंबरचे लागोपाठ आलेले कॉल अनेक फोन एकाच ओळीत दाखवतात. तुम्ही एका संध्याकाळी चारदा लावलात तरी ओळ एकच. तुमच्या दहाचे दोन झाले ते बहुतेक असेच.

आणि पडद्यावर ‘2 मिस्ड कॉल्स’ अशी पाटी येते ना, ती बरेच जण लाल बटण दाबून घालवतात. पाटी गेली की कॉलही गेला असं त्यांना वाटतं. तो गेलेला नसतो, यादीत असतोच. ही एक गोष्ट बाबांच्या गळी उतरली तरी तुमची निम्मी भांडणं मिटतील.

कसं दाखवायचं ते सांगते. पुढच्या वेळी गावाला जाल तेव्हा शेजारी बसा, फोन त्यांच्याच हातात राहू द्या. तुमच्या फोनवरून त्यांना एक कॉल द्या आणि उचलू नका म्हणा. पाटी येईल. ती त्यांना लाल बटणानं घालवू द्या. मग म्हणा, ‘गेला का माझा फोन? चला, शोधू.’ मेनू, मग लॉग. नोकियाच्या आणखी जुन्या फोनांत त्यालाच कॉल रजिस्टर म्हणत. आत तीन कप्पे असतात, मिस्ड म्हणजे वाजून राहिलेले, रिसीव्हड म्हणजे उचललेले, डायल्ड म्हणजे आपण लावलेले. मिस्डमध्ये सगळ्यात वर तुमचं नाव असेल. त्यावर जाऊन हिरवं बटण दाबलं की तुम्हाला फोन लागेल. तुमचा फोन वाजेल तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. हेच त्यांच्याकडून चार वेळा करून घ्या, तुम्ही बोट लावू नका. वेळ बघायची असेल तर त्याच नावावर ऑप्शन्समध्ये कॉलची वेळ मिळते. पण ती बघण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन तारीख आणि घड्याळ लावून द्या, आणि फोन पडला की पुन्हा लावायचं असतं हेही सांगा.

तुमचं नाव न दिसता नुसता नंबर दिसला तर गोंधळू नका. तोच नंबर एकदा सिमवर आणि एकदा फोनमध्ये वेगवेगळ्या नावांनी सेव्ह झालेला असेल तर काही जुने फोन कुठलंच नाव दाखवत नाहीत. एक ठेवा, दुसरं काढा. तो रोजचा नंबर ज्याचा असेल त्याच्या नावानं सेव्ह करून द्या, बाबांना विचारून, बाबा म्हणतील त्या नावानं. ‘मोटर’ म्हणाले तर मोटर.

माझ्या आईचं सांगते. तिला मेनूत शिरायचा कंटाळा होता. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयला तिनं पेन्सिल बांधली होती. रोज रात्री दिवाबत्ती झाली की मिस्ड कॉलची यादी उघडायची आणि ज्यांना उलट फोन करायचा त्यांची नावं त्या दिवसाच्या चौकोनात लिहायची. फोन झाला की त्यावर बारीकशी टिक. ती गेल्यावर ते कॅलेंडर मी काढून आणलं. सतरा तारखेच्या चौकोनात माझं नाव दोनदा लिहिलंय, एकदा टिक केलेलं, एकदा तसंच. तुमच्या बाबांना लिहायची आवड असेल तर हा उपाय करून बघा. यादी आठवड्यात पुसली जाते, पेन्सिलीचं राहतं.

बँकेच्या मेसेजचं कारण बहुधा अगदी साधं आहे. पडद्यावर पाकिटाचं चिन्ह लुकलुकतंय का बघा. लुकलुकणारं पाकीट म्हणजे मेसेजची जागा भरली. काही मेसेज पुसल्याशिवाय नवा आत येत नाही. तो कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो आणि ठरावीक मुदतीनंतर तिथून पुसला जातो. मराठी मेसेज जागाही जास्त खातात. इंग्रजी लिपीत एका मेसेजमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. म्हणजे बँकेचा एक लांब मराठी मेसेज तीन-चार मेसेजांची जागा अडवतो. जाहिरातींनी ती पेटी गच्च भरली असणार.

पुसताना घाई करू नका. सगळे एकदम पुसायचा पर्याय असतो, तो टाळा. बाबांना बरोबर घेऊन एकेक मेसेज वाचा. तुमच्या आईचा एखादा मेसेज त्यात असू शकतो, चार वर्षं झाली म्हणालात आणि फोन त्याहून जुना आहे. असा मेसेज सापडला तर त्याचा तुमच्या फोननं फोटो काढा, वहीत उतरवा, आणि तो पुसू नका. बाकी जागा जाहिराती काढून होईल. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असतं, ते बघायला शिकवा. पी म्हणजे जाहिरात, खुशाल पुसा. टी म्हणजे व्यवहार, एस म्हणजे सेवा, जी म्हणजे सरकारी, हे वाचल्याशिवाय पुसायचे नाहीत. जाहिरातीचे कॉल आणि मेसेज कमी करायला 1909 वर नोंद करता येते, तीही तिथेच बसून करून टाका. कॉल कमी आले की तुमचे मिस्ड कॉल यादीत जास्त दिवस टिकतील.

भावाची भीतीही मी बाजूला सारत नाही. म्हाताऱ्या माणसांना फसवणारे आहेत आणि साध्या फोनवरही फसवतात. पण त्याच्या खुणा वेगळ्या असतात. अनोळखी नंबर रिसीव्हडमध्ये सारखा दिसतो, म्हणजे समोरचा फोन करतोय. त्याच वेळेच्या आसपास मेसेजच्या पेटीत ओटीपी येऊन पडलेला असतो. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज असतो, किंवा पेटी भरलेली असल्यानं तोही नसतो. एखादीच रिंग देऊन कट झालेला, अधिक चिन्हानंतर 91 सोडून दुसरा आकडा असलेला नंबर मिस्डमध्ये दिसला तर त्याला उलट फोन करायचा नाही, परदेशी कॉलचे पैसे पडतात. हे बाबांना सांगून ठेवा. आणि खरी खात्री हवी असेल तर त्यांना घेऊन बँकेत जा आणि पासबुक भरून आणा. पैसे गेलेले असतील तर ते पासबुकात दिसतील, कॉलच्या यादीत नाही. तसं काही निघालंच तर 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, ताबडतोब फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

मागच्या महिन्यांच्या कॉलचा पूर्ण हिशेब कधी लागलाच तर तो कंपनीकडून मिळू शकतो. प्रीपेड ग्राहकालाही गेल्या सहा महिन्यांतल्या वापराचं तपशीलवार बिल मागायचा हक्क आहे आणि त्यासाठी 50 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. पण तो हक्क ग्राहकाचा आहे, म्हणजे बाबांचा. अर्जावर त्यांची सही लागेल. त्यांच्या पाठीमागे ते मागवायचा विचारही करू नका.

आता जरा अवघड बोलते. ते अंघोळीला गेलेले असताना तुम्ही फोन उघडलात. काळजीपोटी उघडलात, मला कळतं. मीही एकदा आईचा असाच उघडला होता. पण त्यातून काय झालं बघा. जो प्रश्न त्यांना समोर बसून विचारला असता तर एका मिनिटात सुटला असता, तो तुम्ही दोघा भावंडांनी ठाणे आणि बंगळुरूच्या मध्ये आठवडाभर घोळवलात, आणि ज्यांचा फोन आहे त्यांनाच त्याची खबर नाही. तुम्ही त्या नंबरला लावलेला कॉल जर एखाद्या माणसानं कट केला असेल तर त्याच्याकडे तुमचा नंबर गेलाय. तो बाबांना विचारेल. त्याआधी तुम्ही सांगा. फोनवर नको, समोर. ‘बाबा, मी तुमचा फोन बघितला, मला भीती वाटली म्हणून बघितला, विचारायला हवं होतं.’ एवढं पुरे. चिडले तर चिडू द्या. पाटणकडची माणसं चिडतात तशी चहा ठेवायलाही उठतात.

आणि त्यांनी त्या नंबराबद्दल काही सांगायचं नाही असं ठरवलं, तर तेही मान्य करा. पैशाचा धोका नाही हे पासबुकातून कळलं की उरलेलं त्यांचं. बायको गेल्यावर चार वर्षं एकटा राहणारा माणूस रोज एका नंबरला फोन करतो, त्यात मुलांनी हिशेब मागावा असं काहीच नाही.

स्मार्टफोन द्यायचा की नाही? ‘म्हणजे आपल्याला इथून सगळं दिसेल’ या कारणासाठी तर अजिबात नाही. त्यांना नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलावंसं वाटलं आणि त्यांनी मागितला तर आनंदानं द्या, पण हा फोन काढून न घेता. त्याची एक चार्ज चार-पाच दिवस पुरते, टॉर्च आहे, रात्री मोटरकडे जावं लागलं तर तोच उपयोगी. फक्त सिम बदलताना सांभाळा. हा फोन टूजीवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या नेटवर्कवर, चालतो आणि जिओचं टूजी नेटवर्क नाही, त्यामुळे ‘ऑफर चांगली आहे’ म्हणून कोणी नंबर तोच ठेवून जिओकडे पोर्ट करून दिला तर फोन मुकाच होईल. सिम बदललं की काही फोनांतल्या कॉलच्या याद्याही पुसल्या जातात. तसं करायची वेळ आलीच तर आधी सगळे नंबर वहीत उतरवून घ्या.

तुमच्या रोजच्या कॉलची वेळही बदलून बघा. संध्याकाळी ते शेतात किंवा गोठ्यात असतील, रेंजच्या बाहेर. ते ओट्यावर कधी बसतात ते त्यांनाच विचारा आणि तेव्हा फोन करा. नाही लागला तर दहा वेळा लावत बसू नका. एक छोटा मेसेज टाका, ‘बाबा, फोन केला होता. वेळ मिळाला की मिस कॉल द्या.’ फोन रेंजमध्ये आला की तो आपोआप पोचेल, आणि खरी वेळ घेऊन पोचेल.

जाताना ठाण्याहून या फोनचं एक नवं मागचं झाकण आणि बीएल-5सीबी बॅटरी घेऊन जा. स्टेशनजवळच्या मोबाईलच्या कुठल्याही गाळ्यात विचारा. जुनी बॅटरी काढाल तेव्हा ती फुगलीय का बघा. टेबलावर ठेवून गरगर फिरली तर फुगलेली समजायची, आणि मग झाकण सैल झालं ते तिच्यामुळेच. तशी असेल तर ती पुन्हा वापरू नका, चार्जिंगलाही लावू नका. रबर काढायच्या आधी बाबांना विचारा मात्र. आणि तो नंबर मोटरचा निघाला की आणखी कोणाचा, हे बाबांची हरकत नसेल तर मला दोन ओळींत जरूर कळवा.